दुसरी काठी कशासाठी?

आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून पुष्कळांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी आत येताना पाहिले. ‘अमेरिकेतील बास मासा आणि काठावरून गळ टाकणाऱ्याने घ्यावयाची दुसरी काठी’ हा काय वसंतातल्या व्याख्यानाचा विषय झाला? हसणाऱ्यांना मी मुळीच दोष देत नाही. ज्याने उभ्या आयुष्यात गळ हाती धरला नाही, त्याला पहिल्या काठीचीच गरज नाही. मग दुसरीची पंचाईत कशाला?

परंतु प्रश्न थोडा निराळ्या बाजूने पाहावा अशी माझी विनंती आहे. घरात एक वस्तू असताना तिच्याच जातीची दुसरी घ्यावी की घेऊ नये, आणि घ्यावयाची तर कोणती, हा पेच आपल्यापैकी प्रत्येकाला पडतो. गृहिणीला तो कढईच्या बाबतीत पडतो, सुताराला पटाशीच्या बाबतीत, विद्यार्थ्याला पुस्तकाच्या बाबतीत. गळाच्या काठीचे उदाहरण मी घेतले, कारण तिथे चुकीचा हिशेब केवळ खिशाला भोवत नाही. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत प्राणी असतो आणि त्यालाही तो भोवतो.

२०२३ सालच्या एप्रिलपासून पाच महिने मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, मुलाकडे राहिलो. आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा आता असे जाऊन येतात, आणि तिथे गेल्यावर दिवस कसा घालवावा हा प्रश्न त्यांना पडतो. मला तो माझ्या नातवाने पडू दिला नाही. चौदा वर्षांचा हा मुलगा दर शनिवारी घराजवळच्या तळ्यावर गळ टाकायला जाई. त्या राज्यात सोळा वर्षांखालील मुलांना गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी परवाना लागत नाही. मोठ्या माणसाला लागतो. मी परवाना काढला नाही, आणि काठीही हाती धरली नाही. मात्र कोकणात खाडीच्या कडेला गरी टाकून शेंगटी आणि तांबोशीची वाट पाहण्यात माझे बालपण गेले आहे. तेव्हा शेजारी बसून शहाणपण शिकवण्याचा अधिकार माझ्याकडे आहे, असे मी गृहीत धरले.

जूनच्या एका सकाळी नातवाच्या गळाला चांगला मोठा बास लागला. तळ्याच्या त्या कोपऱ्यात कमळवेलींची दाटी होती. मासा सरळ त्या देठांत शिरला. काठी मुठीपर्यंत वाकली, पण मासा हलेना. पोराने रिळाचा चाप पूर्ण आवळला आणि जोर लावला. क्षणभराने दोरा तुटल्याचा बारीकसा आवाज झाला. मासा गेला, आणि तोंडात रोवलेले, तीन-तीन काट्यांचे दोन गळ असलेले आमिष बरोबर घेऊन गेला. नातू म्हणाला, “आजोबा, मला दुसरी काठी हवी. याच्यापेक्षा चांगली.” त्या ‘चांगली’ या शब्दावर आम्हा दोघांचे पुढे दोन महिने संभाषण चालले. आज मी सांगणार आहे तो त्या संभाषणाचा गोषवारा होय.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. या बासला तिकडे ‘मोठ्या तोंडाचा बास’ म्हणतात. अंग हिरवट, कुशीवर काळसर तुटक पट्टा, आणि जबडा इतका मोठा की त्याची कड डोळ्याच्याही मागे जाते. समुद्रातल्या खऱ्या बासशी त्याचे जवळचे नाते नाही. तो ‘सनफिश’ नावाच्या गोड्या पाण्यातल्या कुळातला. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला; पुढे माणसाने त्याला ठिकठिकाणच्या तळ्यांत नेऊन सोडले. मासा पुष्कळदा अर्धा ते दीड किलोचा सापडतो. विक्रमी ठरलेला एक मासा मात्र सुमारे दहा किलोंचा होता. तो १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकऱ्याने होडीतून पकडला. त्या दिवशी तो आणि त्याचा सोबती यांच्यात मिळून एकच काठी होती, असे सांगतात. ज्याच्याकडे एकच काठी आहे त्याने स्वतःला दरिद्री समजू नये, यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या माशाचा स्वभाव आपल्याकडच्या मरळीची आठवण करून देणारा आहे. तो भक्ष्यामागे मैलभर धावत नाही. पाणवेली, बुडालेले झाड, धक्क्याची सावली अशा आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या लहान माशावर, बेडकावर, कोळंबीसारख्या प्राण्यावर झडप घालतो. म्हणजे बास हवा असेल तर आमिष अडचणीच्या जागी टाकावे लागते, आणि गळाला लागलेला मासा त्या अडचणीतून बाहेर काढावा लागतो. दुसऱ्या काठीचा सारा विचार या एका वाक्यातून निघतो.

आता पहिल्या काठीकडे वळू. नातवाची काठी साडेसहा फुटांची, मध्यम ताकदीची होती. काठीच्या मुठीशेजारी बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. ते बहुतेक लोक वाचत नाहीत. त्या काठीवर लिहिले होते की आमिषाचे वजन एक अष्टमांश ते अर्धा औंस, म्हणजे सुमारे साडेतीन ते चौदा ग्रॅम असावे. दोऱ्याविषयीही तसाच मजकूर होता, आणि तीवर आठ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेतीन किलोंच्या ताणाला तुटणारा नायलॉनचा दोरा होता. आपल्या मुंबई-कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, तोच हा.

आमिषाच्या वजनाला इतके महत्त्व का? आपण गोफण पाहिली आहे. गोफणीत वाटाण्याएवढा खडा घातला तर तो चार हातांवर पडतो, आणि नारळाएवढा धोंडा घातला तर गोफण फिरतच नाही. काठीचेही तसेच आहे. फेकताना आमिषाच्या वजनाने काठी मागे वाकते आणि सरळ होताना ते वजन पुढे झुगारते. वजन फार कमी असेल तर काठी वाकतच नाही. फार जास्त असेल तर ती लुळी पडते, प्रसंगी मोडते. म्हणून प्रत्येक काठीला वजनाचा एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात ती गुणी, बाहेर ती निकामी.

ज्याला आपण काठीची ताकद म्हणतो ती म्हणजे किती भाराला काठी किती वाकते, हा हिशेब. तिच्याखेरीज आणखी एक गुण असतो: काठी वाकते कुठे? काहींचे फक्त शेंड्याचे टोक वाकते आणि खालचा भाग ताठ राहतो. काही मधल्या भागापर्यंत कमानीसारख्या वळतात. पहिल्या जातीच्या काठीने दिलेला झटका गळापर्यंत चटकन पोचतो. रबरी गांडुळाच्या पोटात लपवलेला एकेरी, जाड गळ माशाच्या जबड्यात रुतवायचा असेल तर अशीच काठी लागते. दुसऱ्या जातीची काठी ताण सैलसर ठेवते. तीन काट्यांच्या बारीक गळांची आमिषे तिच्यावर बरी, कारण हिसक्याने ते गळ निसटत नाहीत. माझ्या नातवाने कमळवेलींत तीन काट्यांचे गळ टाकले होते, ही त्याची पहिली चूक. काटे देठांत अडकले, मासा बाजूलाच राहिला, आणि दोऱ्याला देठाचे ओझे ओढावे लागले.

आता रिळाचा विचार करू. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, म्हणून प्रयोगाशिवाय माझे समाधान होत नाही. घरी गेल्यावर शिवणकामाचे दोऱ्याचे रीळ घ्या. ते पेन्सिलीवर आडवे ओवा आणि दोरा ओढा: रीळ गरगर फिरेल आणि दोरा सुटेल. मग एकदम हात थांबवा. रीळ मात्र आणखी दोन फेरे घेईल आणि सुटलेल्या दोऱ्याचा गुंता होईल. आता तेच रीळ टेबलावर उभे ठेवा आणि दोरा वरच्या दिशेने ओढा. रीळ जागचे हलत नाही. दोरा वेढ्यावेढ्याने वरून निसटत येतो. गुंता जवळजवळ नाहीच. मासेमारीच्या रिळांच्या दोन मुख्य जाती या दोन प्रयोगांत आल्या.

आडव्या, फिरणाऱ्या जातीला तिकडे बेटकास्टिंग रीळ म्हणतात. अमेरिकेत तिची सुधारणा केंटकी राज्यातील पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केली. त्याने घड्याळातल्यासारखी दातेरी चाके बसवून मूठ एकदा फिरवली की दोऱ्याची फिरकी अनेकदा फिरावी अशी योजना केली. आजच्या रिळांत मुठीच्या एका फेऱ्याला फिरकीचे सहा-सात फेरे होतात. उभ्या, स्थिर जातीला स्पिनिंग रीळ म्हणतात. तिचे आधुनिक रूप इंग्लंडमधल्या कापडधंद्यातील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ साली पेटंट करून घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसे सुटते हे रोज पाहणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचावी, यात नवल नाही. तिसरीही एक जात आहे, झाकणाखाली स्थिर फिरकी आणि मागे एक बटण असलेली, मुलांना फार सोयीची. ती १९४९ साली ओक्लाहोमातल्या झीरो अवर बॉम्ब कंपनीने बाजारात आणून लोकप्रिय केली. तेलविहिरींत वापरायचे स्फोटक बॉम्ब करणारी ही कंपनी पुढे ‘झेबको’ या नावाने केवळ रिळांसाठी प्रसिद्ध झाली.

या दोन मुख्य जातींत श्रेष्ठ कोणती, असा वाद तिकडच्या दुकानांत नेहमी चालतो. वाद निरर्थक आहे. आडव्या रिळाची फिरकी आमिषाच्या वजनानेच फिरायला लागते. म्हणून आमिष सात ग्रॅमहून हलके असले की ती धड फिरत नाही. उलट जड आमिष तिच्यावरून हव्या त्या जागी, अंगठ्याच्या हलक्या दाबाने थांबवून, नेमके टाकता येते. जाड दोराही ती सुखाने सांभाळते. स्थिर रिळावरून तीन ग्रॅमचे आमिषही दूर जाते. पण तीवर जाड नायलॉन भरला तर तो स्प्रिंगसारखा उसळून वेटोळ्यांनी बाहेर येतो आणि फेकीचा विचका होतो. थोडक्यात, हलक्या कामाला उभे रीळ आणि जड कामाला आडवे रीळ. एक दुसऱ्याचा वरिष्ठ नसून त्याचा जोडीदार आहे.

इथे एक आक्षेप येईल. मोठ्या स्पर्धांत होडीतले खेळाडू डेकवर सहा-सहा, आठ-आठ काठ्या मांडून बसतात; मग दोनच काठ्यांचा एवढा काथ्याकूट कशाला? त्याचे उत्तर काठावर उभे राहिल्याखेरीज कळत नाही. होडीतल्या माणसाचे आमिष फांदीत अडकले तर तो होडी तिथे नेऊन सोडवतो. त्याचा मासा वेलींत शिरला तर तो माशाकडे जातो. काठावरच्या माणसाला हे दोन्ही शक्य नाही. त्याला माशाकडे जाता येत नाही. मासाच त्याच्याकडे आला पाहिजे, आणि तोही मधल्या सगळ्या वेली, दगड, चिखल ओलांडून. म्हणजे त्याच जागेसाठी काठावरच्या माणसाला होडीवाल्यापेक्षा मजबूत दोरा आणि मजबूत काठी हवी. दुसरे असे, की त्याला सारे सामान हातात आणि पाठीवर वाहावे लागते. दोन काठ्यांपलीकडे तो नेऊ शकत नाही. नेल्याच तर तिसरी गवतात पडते आणि कोणाच्या तरी पायाखाली मोडते. तेव्हा दुसरी काठी हीच त्याची बहुधा शेवटची. निवड जपून करावी ती यासाठी.

नातवाला मी एक वही दिली आणि सांगितले, “पुढचे चार शनिवार या एकाच काठीने मासे पकड. ज्या ज्या वेळी काठीने दगा दिला असे वाटेल, त्या त्या वेळी कारण लिही.” महिन्याअखेर नोंदी अकरा झाल्या. सात वेळा आमिष किंवा मासा वेलींत अडकून दोरा तुटला होता किंवा मासा निसटला होता. दोन वेळा गाठ सुटली होती. एकदा मागच्या झाडात आमिष अडकले, आणि एकदा खरबरीत झालेला जुना दोरा फेकतानाच तुटला. ही यादी वाचताना पोरगा आपणहून म्हणाला, “आजोबा, यांतल्या चारांना काठी नकोच आहे!” बरोबर होते. गाठ ओली करून आवळावी, दोरा दर मोसमात बदलावा, फेकण्यापूर्वी मागे पाहावे, एवढ्याने चार नोंदी पुसल्या जात होत्या. उरलेल्या सात मात्र खऱ्या होत्या, आणि त्या साऱ्या एकाच दिशेला बोट दाखवीत होत्या.

दुकानात त्याने प्रथम हात घातला तो पहिल्या काठीच्याच मापाच्या, पण दुपटीहून महाग अशा काठीला. वजनाला पिसासारखी, कार्बन तंतूंची, दिसायला देखणी. तेवढीच लांबी, तेवढीच ताकद, आमिषाचा तोच पट्टा. मी त्याला वही उघडायला सांगितली आणि विचारले, “यांतली कोणती नोंद ही काठी पुसील?” एकही नाही. ती काठी वाईट नव्हती. पण जे काम पहिली करते तेच ती थोडे अधिक सुखाने करणार होती, आणि जे पहिलीला जमत नाही ते हिलाही जमणार नव्हते. अशी काठी घेतली तर दोन काठ्या होत नाहीत. एकीच्या जागी दुसरी येते आणि पहिली कोपऱ्यात पडते.

मग कोणती घ्यावी? याचे एकच उत्तर सर्वांना लागू नाही, कारण तळी वेगवेगळी असतात. ज्याच्या काठाला कमळवेली, गवत, बुडालेली झाडे आहेत आणि पहिली काठी मध्यम आहे, त्याने सात फुटांची, मध्यमाहून एक पायरी भारी, शेंड्यात वाकणारी काठी घ्यावी. आमिषाचा पट्टा साधारण दहा ते अठ्ठावीस ग्रॅमचा. तीवर आडवे रीळ आणि तीस ते पन्नास पौंडांचा विणलेला दोरा. १९९० नंतर प्रचारात आलेला हा पॉलिएथिलिनच्या तंतूंचा दोरा नायलॉनपेक्षा पुष्कळ बारीक असून तितकाच ताण सोसतो आणि जवळजवळ लांबत नाही. वेलींचे देठ तो कापीत येतो. ज्याला आडव्या रिळाच्या गुंत्याची भीती वाटते त्याने मोठ्या आकाराचे उभे रीळ आणि हाच विणलेला दोरा घेतला तरी पुष्कळसे काम भागते.

ज्याचे तळे उघडे, पाणी निवळ आणि मासे रोजच्या वर्दळीने बुजलेले आहेत, त्याची गोष्ट उलट. तिथे जड आमिषाच्या धपकन पडण्यानेच मासा पळतो. अशा माणसाची पहिली काठी भारी असेल तर त्याची दुसरी हलकी हवी: दोन ते दहा ग्रॅमचे आमिष फेकणारी, सहा-आठ पौंडांच्या दोऱ्याची, उभ्या रिळाची. आणि ज्याचे तळे विस्तीर्ण, खोल पाणी दूर, त्याला लांबी हवी. सात-साडेसात फुटांची काठी, उभे रीळ आणि बारीक विणलेला दोरा. मात्र मागे झाडी असेल तर हीच लांबी अडचण होते. जो चालत किंवा बसने जातो त्याने दोन तुकड्यांत सुटणारी काठी पाहावी.

एक कायद्याची गोष्टही सांगायला हवी. दोन काठ्या जवळ बाळगणे निराळे आणि दोन्ही एकाच वेळी पाण्यात टाकून बसणे निराळे. याविषयी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात गोड्या पाण्यात एका वेळी दुसरी काठी वापरायची तर परवान्यावर तिचे वेगळे शुल्क भरावे लागते. खरेदीपूर्वी आपल्या राज्याचा नियम वाचावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. तुटलेला दोरा हे केवळ मासेमाऱ्याचे नुकसान नव्हे. नायलॉन पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही. पाणपक्ष्यांचे पाय आणि पंख त्यात गुरफटतात. तोंडात गळ घेऊन गेलेल्या माशाचे काय होते हे आपल्याला दिसत नाही, म्हणून ते घडत नाही असे नाही. काठी फार कमजोर असली तर मासा तुटून गेला नाही तरी फार वेळ झुंजत राहतो, थकून जातो, आणि सोडल्यानंतरही सावरेल याची खात्री राहत नाही. रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने १९६७ साली आर्कान्सामध्ये मोठी बास-स्पर्धा भरवून या खेळाला धंदेवाईक रूप दिले. त्यानेच १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला, आणि आज तिकडे बहुतेक हौशी लोक बास सोडून देतात. पण मासा सोडायचा म्हणजे तो सोडण्याजोगा राहिला पाहिजे. तिथे पुरेशी मजबूत काठी ही माशावरची दयाच असते.

वसंतात तर हे दुप्पट खरे. पाणी सोळा-सतरा अंशांपर्यंत तापले की नर बास काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून ताटासारखे घरटे करतो. मादी अंडी घालून जाते. राखण करतो तो नर. पिल्ले बाहेर पडल्यावरही तो त्यांच्या पाठीशी असतो. आपल्या मरळीलाही पिल्लांची राखण करताना अनेकांनी पाहिले असेल. या दिवसांत तो आमिषाला तोंड लावतो ते भुकेने नव्हे, शत्रूला हाकलण्यासाठी. त्याला उचलले की टपून बसलेले लहान सनफिश थोड्याच वेळात अंड्यांवर तुटून पडतात. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात पकडलेला बास तत्काळ सोडावा असा नियम मला तेव्हा वाचायला मिळाला, त्याचे कारण हेच. आणि हे घरटे काठावरून स्पष्ट दिसते. म्हणजे मोह होडीवाल्याहून काठावरच्या माणसालाच अधिक. आम्ही दोघांनी ठरवले, की घरट्यावरचा मासा दिसला तर काठी कोणतीही असो, ती खाली ठेवायची.

अखेर जुलैत सात फुटांची काठी आणि आडवे रीळ घरी आले. पहिले दोन आठवडे पोरगा तळ्यावर गेलाच नाही. अंगणात बिनगळाचे वजन बांधून तो एका बादलीवर नेम धरी, आणि दर चार फेकींमागे एकदा आम्ही दोघे चष्मे लावून दोऱ्याचा गुंता सोडवीत बसत असू. रिळाचा चाप दोऱ्याच्या ताकदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश ताणाला सुटावा असा, छोट्या काट्याने मोजून, लावायला तो शिकला. पूर्वी चाप आवळून दोरा तोडला होता, ती दुसरी चूक अशी सुधारली.

ऑगस्टच्या एका सकाळी त्याने रबरी गांडुळात लपवलेला एकेरी गळ त्याच कमळवेलींत टाकला. मासा लागला आणि पुन्हा देठांत घुसला. या वेळी काठी वाकली, पण अर्ध्यावर थांबली. देठ तुटत गेले आणि अर्ध्या मिनिटात हिरव्या पानांच्या जुडग्यासकट मासा काठाशी आला. वजन साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोहून थोडे अधिक. हात ओला करून त्याने एका हाताने खालचा ओठ धरला, दुसऱ्या हाताने पोटाला आधार दिला, पकडीने गळ काढला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. दोन-तीन वेळा कल्ले हलले, शेपटीचा एक फटका बसला, आणि तो गेला. जूनमध्ये आमिष घेऊन गेलेला मासा तोच होता का, हे सांगता येणार नाही. याच्या तोंडात जुना गळ नव्हता, एवढे आम्ही पाहिले.

जुनी मध्यम काठी त्या दिवशी शेजारीच झाडाला टेकून उभी होती. तासाभराने उघड्या पाण्यात लहान आमिष टाकायची वेळ आली, तेव्हा पोराने भारी काठी खाली ठेवली आणि तीच हातात घेतली. त्या क्षणी मला वाटले, की आता याच्याकडे खऱ्या अर्थाने दोन काठ्या आहेत.

आपल्यापैकी कोणाची मुले, नातवंडे तिकडे असतील आणि तळ्याकाठी बसण्याचा योग आला, तर या गप्पांचा उपयोग होईल. कोणी इथल्याच तलावावर मरळीसाठी गळ टाकीत असेल, तर गवत, आडोसा आणि मजबूत दोऱ्याचा हिशेब त्यालाही लागू आहे. आणि ज्याला यांतले काहीच करायचे नाही त्याने पुढच्या खेपेस दुकानात दुसरी कोणतीही वस्तू उचलण्यापूर्वी महिनाभर एक वही ठेवून पाहावी.